क्रॉसचा शिक्का : स्विस लष्करी बंदुकांचा शतकभराचा प्रवास

१८४७ च्या नोव्हेंबरात स्वित्झर्लंडमध्ये जे यादवी युद्ध झाले, ते महिनाभरही चालले नाही. सात कॅथलिक कँटनांनी, म्हणजे घटकराज्यांनी, उभी केलेली ‘झोंडरबुंड’ ही फुटीर आघाडी जनरल गीयोम-आंरी द्युफूर यांच्या फौजेने मोडून काढली. दोन्ही बाजूंचे मिळून शंभराच्या आतच सैनिक दगावले. पुढच्याच वर्षी देशाला नवी राज्यघटना मिळाली आणि सैल संघाचे एकसंध संघराज्य झाले. सैन्य मात्र अजून कँटनांचेच होते. प्रत्येक कँटनने आपल्या तुकड्या आपल्या शस्त्रागारातून सज्ज करून पाठवायच्या, अशी रीत चालू राहिली. साऱ्या देशासाठी एकच बंदूक ठरवण्याचा खटाटोप इथून सुरू झाला आणि स्विस लष्करी बंदुकांचा संग्रह करणाऱ्यांची कालगणनाही बहुधा इथूनच सुरू होते.

या खटाटोपाचे पहिले ठळक फळ म्हणजे १८५१ ची ‘फेल्डश्टुत्सर’. ही ठासणीचीच बंदूक होती, पण तिच्या नळीचा व्यास जेमतेम साडेदहा मिलिमीटर होता. त्या काळी युरोपातल्या पायदळाच्या जुन्या बंदुका १८ मिलिमीटरच्या आसपास असत. १८५७ च्या उठावात जिच्या काडतुसांवरून हिंदी शिपायांत ठिणगी पडली, ती एनफील्डसुद्धा साडेचौदा मिलिमीटरहून मोठी होती. इतक्या बारीक नळीमागचे कारण स्विस समाजात सापडते. आराऊ इथे १८२४ साली राष्ट्रीय नेमबाज संघ स्थापन झाला होता आणि नेमबाजीच्या जत्रा हा गावोगावचा सोहळा होता. लहान गोळी सरळ रेषेत दूर जाते, हे तिथल्या नेमबाजांना अनुभवाने ठाऊक होते. लष्कराने नागरिकांची आवड उचलली, असेच इथे म्हणावे लागते. हा व्यास पुढे चार दशके टिकला.

मात्र फेल्डश्टुत्सर फक्त निवडक नेमबाजांसाठी होती. पायदळाला बारीक नळीची बंदूक १८६३ साली मिळाली आणि तोवर ठासणीचे दिवस संपत आले होते. ३ जुलै १८६६ रोजी क्योनिगग्रेट्झच्या रणांगणावर प्रशियाच्या सैनिकांनी मागून भरायच्या ड्रायझे बंदुकांनी ऑस्ट्रियाच्या ठासणीवाल्या फौजेला धूळ चारली. प्रशियाचा सैनिक जमिनीवर आडवा पडूनच काडतूस भरी. ऑस्ट्रियाच्या सैनिकाला त्यासाठी उभे राहावे लागे. ही बातमी युरोपातल्या प्रत्येक युद्धखात्यात पोचली. दोन मोठ्या सत्तांची झुंज दुरून पाहणाऱ्या स्विस लोकांनी तिचा धडा सर्वांत घाईने घेतला.

घाईत तीन गोष्टी एकाच वेळी झाल्या. शस्त्रागारांतल्या ठासणीच्या बंदुकांना मागून भरण्याची सोय करून घेतली गेली. तिची मूळ कल्पना मिलबँक या अमेरिकन संशोधकाची. तिला स्विस रूप दिले शाफहाउझेनच्या याकोब आम्स्लर यांनी. हे आम्स्लर पेशाने गणिती; नकाशावरचे क्षेत्रफळ मोजणारा ध्रुवीय प्लॅनिमीटर हा त्यांचा शोध बंदुकीपेक्षा अधिक काळ वापरात राहिला. दुसरीकडे, अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स टूल कंपनीकडून १५,००० पीबडी रायफली विकत घेऊन नेमबाज तुकड्यांना दिल्या गेल्या. तिसरा निर्णय खरा दूरदृष्टीचा होता : एक एक काडतूस भरायची बंदूक वगळून थेट अनेक काडतुसांची, पुनरावर्ती बंदूक घ्यायची.

मिलबँक-आम्स्लर पद्धतीच्या बंदुका संग्राहकाची पहिली परीक्षा घेतात. त्यांची नावे अपूर्णांकासारखी लिहिली जातात : १८५१/६७, १८५६/६७, १८६३/६७. तिरकी रेघ म्हणजे बंदुकीचा पुनर्जन्म. १८४२/५९/६७ या नावाची बंदूक तर तीनदा जन्मली. आधी ती गुळगुळीत नळीची मोठी मस्केट होती. १८५९ मध्ये प्रेलाझ-ब्यूर्नां पद्धतीने तिच्या नळीत आटे पाडले गेले आणि १८६७ मध्ये तिला मागून उघडणारे झाकण बसवले गेले. अशा बंदुकीवर कँटनचे जुने शिक्के आणि संघराज्याच्या नव्या खुणा शेजारी शेजारी सापडतात. त्या एकमेकींशी विसंगत दिसल्या म्हणून बंदूक बनावट ठरत नाही. उलट एखादीवर एकाच काळाच्या खुणा असतील तर शंका घ्यावी.

पुनरावर्ती बंदुकीच्या चाचण्यांत अमेरिकन विंचेस्टर पसंतीला उतरली होती. तीच स्वीकारली जाण्याची चिन्हे असताना नॉयहाउझनच्या कारखान्यातून एक देशी स्पर्धक पुढे आला. ऱ्हाइनच्या धबधब्याजवळचा हा कारखाना १८५३ मध्ये रेल्वेचे डबे बांधण्यासाठी सुरू झाला होता. पुढे सिग या नावाने जगभर गाजलेली कंपनी तीच. तिथल्या शस्त्रविभागाची सूत्रे योहान-फ्रीड्रिख फेटर्ली यांच्या हाती होती. फेटर्लींनी विंचेस्टरची काडतुसांची नळी आणि काडतूस वर उचलणारी यंत्रणा घेतली. तिला प्रशियन-फ्रेंच धर्तीच्या सरकत्या बोल्टची जोड दिली. बोल्ट मागे ओढून पुढे सरकवला की बंदूक आपोआप चढलेली, वेगळा घोडा ओढायची गरज नाही. काडतुसांच्या नळीत ११, उचलपट्टीवर एक आणि बंदुकीच्या नळीच्या बुडाशी एक, अशी १३ काडतुसे तिच्यात मावत. १८६८ मध्ये तिला मान्यता मिळाली, काही सुधारणा होऊन १८६९ मध्ये तिचे रूप पक्के झाले. इतर सैन्ये एकेरी बंदुका विकत घेत असताना छोट्या स्वित्झर्लंडने साऱ्या पायदळाला पुनरावर्ती रायफल द्यायचे ठरवले. त्या दशकातला हा सर्वांत धाडसी शस्त्रनिर्णय होता, असे म्हणायला हरकत नाही.

निर्णय धाडसी असला तरी उत्पादन रेंगाळले. एका कारखान्याला मागणी झेपेना, म्हणून काम वाटून दिले गेले. आराऊच्या रिख्नर आणि केलर, बेलफाँतेनच्या कॉर्दिये, थूनचे फॉन श्टायगर, पूर्व स्वित्झर्लंडमधले सांक्ट गालेनचे बंदूककार, बर्नमधली संघराज्याची जुळणी कार्यशाळा अशी कितीतरी नावे फेटर्लींवर वाचायला मिळतात. बर्नची ती कार्यशाळा पुढे ‘वाफेनफाब्रीक बर्न’ या सरकारी शस्त्र कारखान्यात रूपांतरित झाली आणि नंतरच्या बंदुकांवर बव्हंशी तिचेच नाव दिसते. म्हणूनच एकाच नमुन्याच्या अनेक फेटर्ली जमवणारे संग्राहक असतात. त्यांना नमुन्यापेक्षा उत्पादकांची नावे पुरी करायची असतात.

नवी बंदूक तुकड्यांत पुरती पोचण्याआधीच देशाची कसोटी लागली. १८७१ च्या जानेवारीत, फ्रान्स-प्रशिया युद्ध चालू असताना, जनरल बूर्बाकींच्या नावाने ओळखली जाणारी फ्रान्सची पूर्वेकडची सेना प्रशियन फौजांच्या कात्रीत सापडली आणि बर्फातून स्विस सीमेकडे ढकलली गेली. १ फेब्रुवारीच्या पहाटे ले व्हेरिएर या सीमेवरच्या गावात फ्रेंचांशी करार झाला; स्विस बाजूने जनरल हान्स हेर्झोग यांनी त्याचा मजकूर सांगितला. शस्त्रे खाली ठेवायची आणि आश्रय घ्यायचा, ही अट. सुमारे ८७,००० उपाशी, गोठलेले सैनिक सीमा ओलांडून आले आणि रस्त्याच्या कडेला शासपो रायफलींचे ढीग लागले. लुसर्न शहरात हा प्रसंग दाखवणारे प्रचंड वर्तुळाकार चित्र आजही पाहता येते. स्विस इतिहासात तो माणुसकीचा प्रसंग म्हणून सांगितला जातो आणि ते खरेच आहे. पण सीमेवर तेव्हा उभे असलेले स्विस सैनिक मोजके होते. करार मोडला असता तर त्यांना ती सेना आवरता आली असती का, याबद्दल शंकाच आहे. १८७४ च्या नव्या राज्यघटनेने लष्करी अधिकार संघराज्याकडे सरकवले, त्यामागे या अनुभवाचा वाटा होता.

त्याच सुमाराला एक नियम पक्का झाला, ज्याने पुढच्या सगळ्या स्विस बंदुकांचे नशीब ठरवले. बंदूक सैनिकाच्या घरी राहणार. सैनिक म्हणजे शेतकरी, शिक्षक, घड्याळ कारागीर. वर्षातले काही दिवस गणवेश चढवायचा, नेमलेल्या गोळ्या झाडून नेम सिद्ध करायचा आणि उरलेले वर्षभर बंदूक तेल घालून घरात ठेवायची. सेवा संपल्यावर ती त्याला स्वतःकडे ठेवता येई. अशा बंदुकीवर पुढे ‘पी’ हे अक्षर ठोकले जाऊ लागले, म्हणजे ती खासगी झाली. शतकभरात या बंदुका परदेशी शत्रूशी झालेल्या कोणत्याही युद्धात झाडल्या गेल्या नाहीत. जवळपास दीडशे वर्षांच्या फेटर्लीची नळी आजही आतून आरशासारखी निघते, त्याचे कारण हेच.

फेटर्लीचे नमुने ओळखणे फार अवघड नाही. १८६९ च्या नमुन्यात उजव्या बाजूच्या भरायच्या खिडकीवर एक हलते झाकण असते आणि काडतुसांची नळी तात्पुरती बंद करण्याची सोय असते. १८७१ पर्यंत दोन्ही वगळली गेली. १८७८ च्या नमुन्यात चापाच्या कड्याला बोट टेकवायला आकडीसारखा पुढे आलेला भाग आहे. १८८१ च्या नमुन्यावर नेम धरायची पट्टी १६०० मीटरपर्यंत वाढवलेली असते. दोन चाप असलेली बंदूक दिसली की ती निवडक नेमबाजाची ‘श्टुत्सर’ : एक चाप ताणून ठेवायचा, मग दुसरा नुसत्या स्पर्शाने सुटतो. इटलीनेही १८७० मध्ये फेटर्ली स्वीकारली होती. तिथली बंदूक मुळात एकेरी होती आणि तिची काडतुसे लांब होती. तोरीनो, ब्रेशिया किंवा तेर्नी अशी नावे दिसली की ती स्विस नव्हे, हे लगेच कळते. बाजारात हा गोंधळ वारंवार होतो. कधी अज्ञानाने, कधी जाणूनबुजून.

फेटर्लीची कमकुवत बाजू तिचे काडतूस होते. दारू पेटवणारा पदार्थ काडतुसाच्या कडेत भरलेला असे. घोड्याचे टोक दोन शेंड्यांचे करून कडेवर दोन ठिकाणी आघात केला जाई. अशा काडतुसाला फार दाब सोसत नाही. १८८० च्या दशकात थूनच्या दारूगोळा कारखान्यातले एदुआर्द रुबीन यांनी या मर्यादेवर उपाय शोधला. शिशाच्या गोळीला तांब्याचे आवरण चढवले तर ती जास्त वेगाने आणि बारीक नळीतूनही जाऊ शकते, हे त्यांनी १८८२ मध्ये दाखवले. पुढे जगातल्या साऱ्या सैन्यांनी स्वीकारलेली आवरणाची गोळी ती हीच. बर्नच्या शस्त्र कारखान्याचे रुडॉल्फ श्मिट यांनी या काडतुसाला साजेशी यंत्रणा आखली आणि १८८९ मध्ये दोघांच्या नावाने ओळखली जाणारी श्मिट-रुबीन रायफल स्वीकारली गेली. तिचा व्यास ७.५ मिलिमीटर.

श्मिट यांच्या यंत्रणेत बोल्ट वळवायचा नाही, सरळ मागे ओढायचा. उजव्या बाजूची दांडी मागे खेचली की तिच्या टोकाचा खुंट एका नळकांड्यावरच्या तिरप्या खाचेत फिरतो, नळकांडे वळते आणि बोल्टची खीळ सुटते. पुढे ढकलले की खीळ पुन्हा लागते. बोल्टच्या मागच्या टोकाला एक लोखंडी कडे असते. ते ओढून वळवले की बंदूक सुरक्षित. हे कडे म्हणजे श्मिटच्या वंशातल्या बंदुकांची दुरून दिसणारी खूण आहे. १८८९ च्या बंदुकीत ते आहेच, शिवाय १२ काडतुसांचे खाली लोंबणारे मोठे मॅगझिन आणि एकसलग, न वळलेली मान.

पण या बंदुकीत एक दोष शिल्लक होता. खीळ नळकांड्याच्या मागच्या टोकाला होती, म्हणजे स्फोटाच्या जागेपासून बरीच दूर. लांबलचक बोल्ट त्या ताणात दबे. सुमारे २,१२,००० बंदुका बनवून झाल्यावर खीळ नळकांड्याच्या पुढच्या टोकाला आणली गेली. तो नमुना १८८९/९६. घोडदळाला दरम्यान १८९३ ची मानलिखर कार्बाइन दिली गेली. ती जेमतेम ७,७५० बनली आणि स्वारांना ती आवडली नाही. आज मात्र तिच्यासाठी संग्राहक बरेच पैसे मोजतात. सहा काडतुसांची आखूड १९०० ची रायफल आणि १९०५ ची कार्बाइन हेही थोड्या संख्येत झालेले नमुने.

खरा टप्पा १९११ चा. नवे काडतूस, म्हणजे ‘जीपी ११’, आले : ११.३ ग्रॅमची टोकदार गोळी, धूरविरहित दारू आणि नेमकेपणा इतका की पुढे दशकानुदशके लक्ष्यनेमबाजीत त्याला तोड मिळाली नाही. त्याच्यासाठी नवी लांब रायफल आणि नवी आखूड कार्बाइन अशी जोडी तयार झाली. १८८९/९६ च्या बंदुकांना नव्या नळ्या चढवून १८९६/११ बनवल्या गेल्या. त्यांची ओळख डोळ्यांपेक्षा बोटांना आधी पटते : मुठीपाशी सरळ दस्त्याच्या खाली लाकडाचा वेगळा तुकडा चिकटवून पिस्तुलासारखी पकड दिलेली असते आणि जोडाची रेघ हाताला लागते. मुळातच १९११ म्हणून बनलेल्या रायफलीत ही पकड दस्त्याच्या अखंड लाकडातच कोरलेली असते.

पहिल्या महायुद्धात या बंदुका घेऊन स्विस सैनिक चार वर्षे सीमेवर उभे राहिले. गोळ्या झाडल्या गेल्या त्या घरातल्याच लोकांवर. १९१८ च्या नोव्हेंबरातल्या देशव्यापी संपात ग्रेंखन इथे लष्कराने तिघा संपकऱ्यांना ठार केले. ९ नोव्हेंबर १९३२ रोजी जिनिव्हात फॅसिस्ट सभेच्या विरोधात जमलेल्या गर्दीवर नवशिक्या सैनिकांनी गोळीबार केला आणि तेरा माणसे मेली. तटस्थतेच्या गौरवगाथेत ही पाने चटकन उलटली जातात.

या काळात बर्नच्या कारखान्याचे संचालक कर्नल आडोल्फ फुरर श्मिटच्या यंत्रणेची नव्याने मांडणी करत होते. बोल्टची खीळ आता थेट नळीच्या बुडाशी आली. यंत्रणा इतकी आखूड झाली की बंदुकीची एकूण लांबी १९११ च्या कार्बाइनइतकीच ठेवून नळी ६० मिलिमीटरने वाढवता आली : ५९२ ऐवजी ६५२. लांब रायफल आणि आखूड कार्बाइन हा भेद संपला. ‘के ३१’ या नावाची ही कार्बाइन १९३३ पासून १९५८ पर्यंत बनत राहिली आणि तिची संख्या पाच लाखांच्या पुढे गेली. १९३९ ला देश युद्धसज्ज झाला तो हिच्यावर. जनरल आंरी गीझां यांनी सैन्य आल्प्सच्या दुर्गम भागात एकवटण्याचे ठरवले, तेव्हा डोंगरात चढलेल्या सैनिकांच्या खांद्यावर हीच होती. निवडक नेमबाजांसाठी १९४२ आणि १९४३ मध्ये डाव्या बाजूला घडी होणाऱ्या दुर्बिणीचे नमुने निघाले. स्वयंचलित १९५७ ची श्टुर्मगेवेर आल्यावर के ३१ हळूहळू निवृत्त झाली.

के ३१ च्या लाकडावरून तिचे वय साधारण कळते. १९४६ पर्यंतचे दस्ते अक्रोडाचे, गडद तपकिरी. नंतरचे बीचचे, फिकट. दस्त्याचा खालचा भाग बहुधा ओरबाडलेला, चिरलेला असतो. बर्फ लागलेल्या बुटांवर दस्ता आपटल्यामुळे तो तसा होतो, असे नेहमी सांगितले जाते; कारण काहीही असो, ते ओरखडे तासून गुळगुळीत केलेली बंदूक जाणकार घेत नाही. श्मिटच्या वंशातल्या बंदुकांच्या धातूवर एखाद्या अक्षरासोबत छोटा क्रॉस दिसतो. ‘व्ही’ म्हणजे फोगलझांग, ‘एम’ म्हणजे म्यूलेमान, ‘एच’ म्हणजे हाउरी : त्या त्या काळातल्या मुख्य तपासनिसांची ही आद्याक्षरे. रिसीव्हर, बोल्ट आणि मॅगझिनवर एकच अनुक्रमांक असला पाहिजे. बोल्टचा क्रमांक वेगळा निघाला तर बंदूक कधीतरी सुटी होऊन पुन्हा जुळवली गेली आहे, हे उघड.

सगळ्यांत मौल्यवान पुरावा मात्र लाकडाच्या आत असतो. दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी दोन स्क्रूंनी बसवलेली असते. ती काढली की कधी कधी आत घडी घातलेली कागदाची चिठ्ठी सापडते. तिच्यावर सैनिकाचे नाव, गाव, तुकडी. १९९० नंतर हजारो के ३१ अमेरिकेत स्वस्तात विकल्या गेल्या, तेव्हा तिथल्या काही संग्राहकांनी या पत्त्यांवर पत्रे पाठवली आणि काहींना उत्तरेही आली. चिठ्ठी असलेली बंदूक घेतली तर ती चिठ्ठी काढून चौकटीत लावू नये; पुन्हा जागेवर ठेवावी. बंदुकीपासून तुटली की तिचा पुरावा म्हणून उपयोग संपतो.

वापराच्या बाबतीत एकच सूचना कडक आहे. १८८९ च्या रायफलीत जीपी ११ काडतूस कधीही झाडू नये. जुनी आणि नवी काडतुसे बाहेरून सारखी दिसतात, पण जुन्या यंत्रणेला नव्या काडतुसाचा दाब सोसत नाही. फेटर्लीची मूळ काडतुसे तर कधीच दुर्मीळ झाली आहेत.

प्राचीन कोणाला म्हणायचे, हे देशागणिक बदलते. खुद्द स्विस कायद्यात १८७० पूर्वी बनलेली बंदूक प्राचीन ठरते; त्यामुळे १८६९ साली बनलेली फेटर्ली प्राचीन आणि १८७१ ची आधुनिक. अमेरिकेत ही रेषा १८९८ अखेरची आहे, म्हणून १८८९ ची श्मिट-रुबीनही तिथे प्राचीन मानली जाते. भारतात वयाला एवढे महत्त्व नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ नुसार दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशाच जुन्या शस्त्राला सूट मिळते. आतून आरशासारखी नळी असलेल्या स्विस बंदुकीला इथे परवाना लागतोच.